घरातील लहान रेकॉर्डिंग खोलीचे अकूस्टिक ट्रीटमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एका खोलीत निवेदन, गायन, वादन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणारी मंडळी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हिशेबासाठी सर्वत्र एकच खोली धरली आहे : लांबी ३.६ मीटर, रुंदी ३ मीटर आणि उंची २.८ मीटर. आपल्या खोलीची मापे वेगळी असतील तर आकडे बदलतील, परंतु हिशेबाची रीत तीच राहील.

अकूस्टिक ट्रीटमेंट आणि साउंडप्रूफिंग या दोन्ही गोष्टी एकच आहेत का?

नाहीत, आणि वाया गेलेल्या बहुतेक खर्चाचे मूळ याच गल्लतीत असते. साउंडप्रूफिंग म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ न देणे आणि आतला बाहेर जाऊ न देणे. त्यासाठी वजन लागते, फटी बुजवाव्या लागतात आणि भिंतीचे थर एकमेकांपासून सुटे ठेवावे लागतात. भिंतीचे वजन दुप्पट केले की सिद्धांतानुसार सुमारे ६ डेसिबलचा फरक पडतो. पण भिंत कितीही जाड असली, तरी तिच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग उघडा राहिला, तर एकूण रोध २० डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही. दाराखालची फट किती महागात पडते, हे यावरून लक्षात यावे.

अकूस्टिक ट्रीटमेंटचे काम खोलीच्या आतले आहे. खोलीत निर्माण झालेला आवाज भिंती, छत आणि जमीन यांवर आदळून परत येतो. त्या परतीच्या आवाजाला शोषून घेणे किंवा विखरून टाकणे, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठीचे साहित्य हलके आणि सच्छिद्र असते, आणि ज्यातून हवा आरपार जाते त्यातून आवाजही जातो. म्हणून ध्वनी शोषणारी पॅनेल भिंतभर लावली तरी शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यायचा थांबणार नाही. पुढची सर्व उत्तरे केवळ ट्रीटमेंटविषयी आहेत.

माइक उत्तम आहे, तरीही रेकॉर्डिंग ‘घरगुती’ का वाटते?

कारण माइकला आपला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज यांतला भेद कळत नाही. आपल्याला तो कळतो, कारण आपल्याजवळ दोन कान आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू आहे. मूळ आवाजानंतर थोड्याच मिलिसेकंदांत येणारी परावर्तने मेंदू मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि दिशा मात्र पहिल्या आवाजाचीच मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मधील आपल्या प्रबंधात याच गोष्टीचा अभ्यास केला होता, आणि म्हणूनच तिला हास परिणाम म्हणतात. खोलीत बसून बोलताना आपल्याला काही खटकत नाही, आणि तोच आवाज हेडफोनवर ऐकला की खोली एकदम समोर उभी राहते, याचे कारण हेच.

लहान खोलीत ही परावर्तने अगदी लवकर येतात. त्यामुळे वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही, परंतु आवाजाचा पोत बदलतो. समजा, तोंडापासून टेबलावर आपटून माइकपर्यंत येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटीमीटर जास्त प्रवास करतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे तो एक मिलिसेकंद उशिरा पोहोचेल, आणि ५००, १५००, २५०० अशा ठरावीक हर्ट्झवर तो मूळ आवाजाला कापून टाकील. आलेखावर ही कापाकापी कंगव्याच्या दातांसारखी दिसते. कानाला ती पोकळ, पत्र्याच्या नळीतून आल्यासारखी लागते. माइक जितका संवेदनशील, तितक्या बारकाईने तो हे दात टिपतो. खोली बेताची असेल, तर महाग माइक तिचे दोष अधिक स्पष्ट करून दाखवतो.

कोणतेही यंत्र न वापरता खोलीची पारख कशी करावी?

तीन गोष्टी कराव्यात. खोलीच्या मधोमध उभे राहून एक कडक टाळी वाजवावी. टाळीनंतर ‘टर्र्र’ असा झरझर मावळणारा कंप ऐकू आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाजाची चेंडूफेक करीत आहेत, असे समजावे. नंतर तोंड मिटून ‘म्’ असा लांब, खालच्या पट्टीतला हुंकार धरावा आणि तो हळूहळू वरखाली सरकवत भिंतीकडून कोपऱ्याकडे चालत जावे. एखाद्या स्वरावर खोली अचानक साथ देऊ लागते, छाती आणि कान भरून येतात; तो स्वर खोलीचा आहे. शेवटी त्याच खोलीत चार ठिकाणी उभे राहून, माइकपासूनचे अंतर तेवढेच ठेवून, एकच परिच्छेद वाचून रेकॉर्ड करावा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी हेडफोनवर ऐकावा. पुष्कळदा एक पैसाही खर्च न करता फक्त जागा बदलून निम्मे काम होते.

लहान खोलीत खर्ज इतका का घुमतो?

हा प्रश्न या साऱ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो.

दोन समांतर भिंतींमधील अंतर जेव्हा एखाद्या ध्वनीच्या तरंगलांबीच्या निम्मे असते, तेव्हा जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींवर अशा बसतात, की तो स्वर खोलीत अडकून राहतो. यालाच अनुनाद म्हणतात. हिशेब सोपा आहे : ३४३ ला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. आपल्या खोलीच्या लांबीसाठी हा आकडा सुमारे ४८ हर्ट्झ येतो, रुंदीसाठी ५७ आणि उंचीसाठी ६१. शिवाय प्रत्येकाच्या पटीतही अनुनाद असतात, म्हणजे ९५, ११४, १२२ हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजेच खोलीचे अनुनाद नेमके निवेदकाच्या आवाजाच्या पायथ्याशी येऊन बसतात. वाक्यातला एखादाच शब्द विनाकारण फुगल्यासारखा वाटतो, तबल्याच्या बायाची एक घुमक मावळत नाही आणि दुसरी ऐकूच येत नाही, ते यामुळे.

मोठ्या सभागृहात असे हजारो अनुनाद एकमेकांच्या इतके जवळ असतात, की त्यांतला कोणताही एकटा उठून दिसत नाही. लहान खोलीत खालच्या पट्टीत ते मोजकेच असतात आणि त्यांच्यामध्ये मोठ्या फटी राहतात. ज्या वारंवारितेच्या खाली अनुनाद असे सुटे सुटे जाणवू लागतात, ती सीमा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखली जाते. निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत मावळायला लागणारा वेळ, सेकंदांत घ्यावा, त्याला खोलीच्या घनमीटरांनी भागून वर्गमूळ काढावे आणि त्याला २००० ने गुणावे. आपल्या खोलीचे घनफळ सुमारे ३० घनमीटर आहे. निनाद ०.३ सेकंद धरला, तर ही सीमा २०० हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या खाली खोलीचेच राज्य चालते.

चौरस खोली यातही अडचणीची, आणि घनाकृती खोली सर्वांत वाईट. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ३ मीटर असतील, तर तिन्ही दिशांचे अनुनाद ५७ हर्ट्झवरच एकावर एक चढतात. घरातली खोली निवडण्याची मुभा असेल, तर तिन्ही मापे वेगवेगळी असलेली आणि शक्य तितकी मोठी खोली घ्यावी.

अंड्याचे ट्रे, थर्मोकोल, पातळ फोम, पडदे, गालिचा यांनी भागत नाही का?

अंड्याच्या ट्रेचा कागद इतका पातळ असतो, की वरच्या पट्टीत थोडाफार फरक पडण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. शिवाय तो सहज पेट घेतो. थर्मोकोलमधील हवेचे कप्पे बंद असतात, हवा त्यात शिरू शकत नाही, त्यामुळे तो ध्वनी शोषत नाही. पडदा जाड, चुण्यांचा आणि भिंतीपासून हातभर दूर असेल, तर मध्यम आणि उंच स्वरांसाठी उपयोगी पडतो. गालिचा जमिनीवर जरूर असावा, पण तो फक्त उंच स्वर खातो.

पातळ फोमविषयी मात्र मला अनुभवानेच सांगावे लागेल. माझ्या पहिल्या खोलीच्या चारही भिंतींवर मी अडीच सेंटीमीटर जाडीचा पिरॅमिडच्या आकाराचा फोम चिकटवून घेतला होता, कारण विकणाऱ्याने ‘खोलीचा स्टुडिओ होईल’ असे सांगितले होते. टाळीचा कंप त्या दिवशीच गेला, आणि मला काम फत्ते झाल्यासारखे वाटले. आठवडाभराने रेकॉर्डिंग ऐकायला बसलो, तेव्हा ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले होते, आवाजावर कोणी घोंगडी टाकावी तसा तो दबला होता, आणि ‘घोडा’, ‘डोंगर’ असे शब्द आले की खालून एक गुणगुण उठत होती, जी आधी इतकी जाणवत नव्हती. त्या फोमने उंच स्वर खाऊन टाकले होते आणि खर्जाला हातही लावला नव्हता. उंच स्वर गेल्यामुळे खर्ज उघडा पडला. पुढे तो फोम काढताना गोंदाबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले. आजही कोणी ‘सगळ्या भिंती फोमने मढवू का?’ असे विचारले, की मी आधी जाडी विचारतो.

मग कोणते साहित्य वापरावे, आणि किती जाड?

सच्छिद्र साहित्य ध्वनीला घर्षणाने शोषते. लहरीबरोबर हलणारे हवेचे कण तंतूंमध्ये घासले जातात आणि ध्वनीची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलते. परंतु अगदी भिंतीलगत हवेचे कण हलूच शकत नाहीत. त्यांची हालचाल भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक असते. १००० हर्ट्झसाठी हे अंतर साडेआठ सेंटीमीटर आहे, आणि १०० हर्ट्झसाठी ते ८६ सेंटीमीटर होते. पातळ थर खर्जापुढे हतबल का ठरतो, याचे उत्तर एवढ्यात आले. पूर्ण पाव तरंगलांबी भरलीच पाहिजे असे मात्र नाही; १० सेंटीमीटर जाडीचे चांगले पॅनेल २५० हर्ट्झच्या आसपासही उत्तम काम करते.

ग्लासवूल (काचेचे तंतू) किंवा रॉकवूलचे (दगडाचे तंतू) घट्ट स्लॅब, घनता घनमीटरला साधारण ४० ते ६० किलो, जाडी किमान १० सेंटीमीटर, ही माझी शिफारस आहे. कोपऱ्यांसाठी याहून जाड थर घ्यावा, आणि तो २५-३० सेंटीमीटरच्या पुढे जात असेल, तर कमी घनतेचे साहित्य अधिक चांगले, कारण फार घट्ट स्लॅबमध्ये खर्जाची लहर खोलवर शिरू शकत नाही. पॅनेलच्या मागे भिंतीपर्यंत हवेची पोकळी सोडल्यास फुकटात फायदा होतो : १० सेंटीमीटरचे पॅनेल भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे आणले, की ते आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोहोचते.

विकत घेताना एकच आकडा पाहू नये. एनआरसी नावाचा जो निर्देशांक वेष्टनावर छापलेला असतो, तो २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झवरील शोषणाची सरासरी असतो. १२५ हर्ट्झवर साहित्य काय करते, हे त्यातून कळत नाही. चाचणीचा पूर्ण तक्ता मागावा, आणि १२५ च्या रकान्यावर आधी बोट ठेवावे.

पॅनेल घरी बनवता येतात का?

येतात, आणि हातोडी-करवत धरता येणाऱ्या कोणालाही एका सुटीच्या दिवसात चार-पाच पॅनेल करता येतात. ६० बाय १२० सेंटीमीटरचा स्लॅब धरून लाकडी पट्ट्यांची चौकट करावी. पट्टीची रुंदी स्लॅबच्या जाडीइतकी असावी आणि चौकटीचे आतले माप स्लॅबपेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी ठेवावे, म्हणजे स्लॅब दाबून बसवल्यावर चौकटीत स्वतःच धरून राहतो. पाठीमागे लाकडी फळी मारू नये; मागची बाजू उघडी राहिली, तरच पोकळीचा उपयोग होतो. तेथे तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून विरळ कापड ताणावे.

कापड लावण्याचे काम घाईने करण्यासारखे नाही. चौकट पालथी ठेवून आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक स्टेपल मारावा, समोरासमोरच्या बाजू ताणून धरीत मध्यापासून कोपऱ्यांकडे दर चार-पाच सेंटीमीटरवर स्टेपल मारत जावे, आणि कोपरा शेवटी गादीवरच्या चादरीसारखा दुमडावा. कोपऱ्यापासून सुरुवात केली, की कापडाला मधोमध एक झोळ पडतो, जो नंतर काही केल्या जात नाही.

कापड कोणते निवडावे?

तोंडाला लावून फुंकर मारावी. श्वास अडथळ्यावाचून पलीकडे गेला, तर कापड योग्य. रेक्झिन, मेणकापड किंवा अस्तर लावलेले जड कापड उंच स्वर परत फेकते. खर्जाच्या पॅनेलवर मात्र याचाच फायदा घेता येतो. खोली आधीच मंद झाली असेल, तर कोपऱ्यातल्या पॅनेलवर कापडाच्या आत जाड कागद किंवा पातळ प्लॅस्टिकचा थर दिल्यास खर्ज आत जातो आणि उंच स्वर खोलीत शिल्लक राहतात.

ग्लासवूल आरोग्याला घातक आहे का?

हाताळताना त्याचे तंतू त्वचेला, डोळ्यांना आणि घशाला टोचतात, म्हणून मास्क, हातमोजे, चश्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच काम करावे व कापाकापी घराबाहेर करावी. कर्करोगाविषयीच्या शंकेबाबत : जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये इन्सुलेशनच्या ग्लासवूल आणि रॉकवूलचे पुन्हा मूल्यमापन करून त्यांना तिसऱ्या गटात ठेवले, मानवी कर्करोगाशी त्यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही, असा त्या गटाचा अर्थ. कापडात नीट बंद केलेले पॅनेल भिंतीवर स्वस्थ टांगलेले असताना तंतू सोडत बसत नाही. ओलाव्यापासून मात्र जपावे. भिंतीला ओल असेल, तर तिची दुरुस्ती आधी करावी, कारण पॅनेलमागे बुरशी धरली तर ती महिनोन् महिने दिसत नाही.

एकूण किती पॅनेल लागतील?

याचा हिशेब ज्या सूत्राने होतो, त्याचे काम अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात सुरू केले. तेथे निनाद इतका लांबत होता, की वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या व्याख्यानगृहात पसरायच्या, आवाज मावळायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळपूर्वी गाद्या परत न्यायच्या, असा त्यांचा क्रम होता. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते : घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे, की निनादाचा काळ सेकंदांत मिळतो.

आपल्या खोलीत निनाद ०.३ सेकंदांवर आणायचा असेल, तर सुमारे १६ चौरस मीटर शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके शोषण, लागते. पलंग, गालिचा, पडदे, कपडे आणि आपण स्वतः मिळून त्यातले पाचएक भरून निघाले असे धरले, तर ११ उरतात. ६० बाय १२० चे एक पॅनेल ०.७२ चौरस मीटरचे असते. म्हणजे १५ पॅनेल झाली. मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज स्पीकरवर ऐकत एकत्र जुळवण्याचे काम, करायचे असेल, तर हा आकडा योग्य आहे. केवळ निवेदन किंवा गायन टिपायचे असेल, तर सगळी खोली हाताळण्याची गरज नाही, योग्य जागी ठेवलेली सहा ते आठ पुरतात. हे सूत्र सर्वत्र सारखा पसरलेला आवाज गृहीत धरते, आणि लहान खोलीत २०० हर्ट्झच्या खाली तसे नसते. त्यामुळे या हिशेबाला अंदाजापुरतेच मानावे.

पॅनेल लावण्याचा क्रम काय असावा?

आधी कोपरे. खोलीतील प्रत्येक अनुनादाचा दाब कोपऱ्यात सर्वाधिक असतो, म्हणून तेथे जमिनीपासून छतापर्यंत जाड पॅनेल तिरपी उभी करावीत आणि त्यांच्यामागची त्रिकोणी जागा मोकळी ठेवावी किंवा वूलने भरावी. भिंत आणि छत जेथे मिळतात, ती कडही कोपराच आहे. जमिनीवर जागा नसेल, तर तिचा उपयोग करावा.

नंतर पहिल्या परावर्तनाच्या जागा. स्पीकरवर ऐकत असाल, तर नेहमीच्या खुर्चीत बसावे आणि मदतनीसाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात जेथे स्पीकर दिसेल, तेथे पॅनेलचा मध्य आला पाहिजे. छतासाठीही हीच युक्ती आहे. डोक्यावर आणि टेबलावर आडवे टांगलेले पॅनेल अनेक जण टाळतात, पण बुटक्या छताच्या खोलीत मला त्याचा फरक बाजूच्या पॅनेलइतकाच जाणवला आहे. छताला टांगताना प्रत्येक पॅनेलला किमान चार आधार द्यावेत आणि त्यातला एक सुटला तरी पॅनेल डोक्यावर येणार नाही, याची खात्री करावी. पाठीमागची भिंत लहान खोलीत जवळ असते, म्हणून तिच्यावर शक्य तितकी जाडी द्यावी.

स्पीकर आणि खुर्ची कोठे ठेवावी?

स्पीकर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून समान अंतरावर असावेत, आणि दोन स्पीकर व डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. खुर्ची खोलीच्या अगदी मध्यावर नसावी, कारण तेथे लांबीचा पहिला अनुनाद नाहीसा होतो आणि खर्ज कमी ऐकू येतो. भिंतीला चिकटून बसल्यास तोच जास्त ऐकू येतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, आपल्या खोलीत सुमारे १.४ मीटरवर, सुरुवात करून मागेपुढे सरकत पाहावे. हा केवळ आरंभबिंदू आहे.

स्पीकरच्या मागची भिंतही खर्ज कापते. स्पीकरचा पडदा भिंतीपासून अर्धा मीटर पुढे असेल, तर १७० हर्ट्झच्या जवळ खड्डा पडतो. स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवल्यास हा खड्डा वरच्या पट्टीत जातो, जेथे पॅनेल त्याला शोषू शकते. लहान खोलीत मी हाच मार्ग घेतो.

फक्त आवाज रेकॉर्ड करायचा आहे. माइकच्या मागे फोमची कमान लावणे पुरेसे आहे का?

बहुतेक घरगुती माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरून अधिक आणि मागून सर्वांत कमी ऐकणारे असतात. कमान माइकच्या पाठीमागे बसते, म्हणजे तो जिकडे आधीच बहिरा आहे तिकडे. त्याच्या समोर आपण असतो, आणि आपल्या पाठीमागची भिंत. तोंडातून निघालेला आवाज खोलीत फिरून त्याच भिंतीवरून थेट माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून दोनच पॅनेल असतील, तर ती बोलणाऱ्याच्या पाठीमागे किंचित कोन करून उभी करावीत. तिसरे मिळाले तर डोक्यावर.

माइकपासूनचे अंतर १५ ते २० सेंटीमीटर ठेवावे. अंतर निम्मे केले, की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो. फार जवळ गेल्यास कार्डिऑइड माइक खर्ज स्वतःहून फुगवतो, हेही लक्षात ठेवावे.

कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड केले तर?

कपडे मध्यम आणि उंच स्वर चांगले शोषतात, परंतु कपाट ही स्वतः एक फार लहान खोली आहे. ६० सेंटीमीटर खोल असलेल्या कपाटाचा पहिला अनुनाद २८६ हर्ट्झवर येतो, अगदी आवाजाच्या मधोमध, आणि निवेदन डब्यातून आल्यासारखे वाटते. त्यापेक्षा कपाटाची दारे सताड उघडून, भरगच्च कपड्यांकडे पाठ करून बाहेर उभे राहावे.

भिंतीला खिळा ठोकता येत नसेल, तर काय करावे?

पॅनेलला पाय लावून ती सुटी उभी करावीत. सुटी पॅनेल भिंतीपासून आपोआप दूर राहतात, आणि काम संपले की पलंगामागे सरकवता येतात. जाड गादी कोपऱ्यात उभी केली, तर तीही काम देते. पुस्तके पुढेमागे, वेडीवाकडी ठेवून भरलेली मांडणी मागच्या भिंतीवर असल्यास थोडेफार विखुरणेही होते.

डिफ्यूजर लावावेत का?

डिफ्यूजर म्हणजे आवाज विखरून टाकणारा फलक. कमी-अधिक खोल खाचा असलेला, गणिती क्रमावर बेतलेला डिफ्यूजर श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडला. त्यापासून पुरेसे अंतर नसेल तर तो नीट काम करत नाही, आणि आपल्या खोलीत ते अंतर मिळत नाही. ती जागा जाड पॅनेलला द्यावी.

इक्वलायझर किंवा सॉफ्टवेअरने हे दोष काढता येतात का?

इक्वलायझर म्हणजे निवडक स्वरपट्ट्या कमी-जास्त करणारे साधन. एका खुर्चीपुरता एखादा उंचवटा त्याने खाली आणता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही : तेथे १० डेसिबल वाढवायचे तर दहापट शक्ती लागते, आणि थेट लहर वाढते तशी तिला कापणारी लहरही वाढते. रेकॉर्डिंगमधला निनाद कमी करणारी सॉफ्टवेअर हल्ली पुष्कळ सुधारली आहेत. एखादी मुलाखत वाचवायला ती वापरावीत, पण ती शब्दांच्या कडाही कुरतडतात, आणि गाण्याच्या आलापात ते लगेच कानावर येते.

मोजमाप कसे घ्यावे?

रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम आणि सर्व दिशांनी सारखे ऐकणारा मोजमापाचा माइक एवढे पुरते. माइक खुर्चीच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा चाचणीचा स्वर, स्पीकरवर वाजवून टिपावा. आलेख गुळगुळीत करण्याची सोय बंद करून २० ते ३०० हर्ट्झचा भाग पाहावा. उंचसखलपणापेक्षा धबधब्यासारखा दिसणारा आलेख मला अधिक सांगून जातो. कोणता स्वर किती वेळ रेंगाळतो, ते त्यात दिसते. प्रत्येक पॅनेल हलवल्यावर त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा मोजावे आणि नोंद ठेवावी.

आगीचा धोका खरोखर असतो का?

असतो, आणि या प्रश्नावर कोणतीही तडजोड करू नये. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉर्विक येथील ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये आतषबाजीने भिंतीवरचा पॉलियुरेथेन फोम पेटला आणि १०० माणसे मृत्युमुखी पडली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारियाच्या ‘किस’ नाइटक्लबमध्ये छताच्या ध्वनिशोषक फोमला आग लागून २४२ जण दगावले. असा फोम जळताना दाट, विषारी धूर सोडतो, आणि माणूस ज्वाळांच्या आधी त्या धुरात सापडतो. अग्निरोधक चाचणीचा कागद नसलेला फोम घरात आणू नये. ग्लासवूल आणि रॉकवूलचे तंतू जळत नाहीत, हे त्यांना पसंती देण्याचे आणखी एक कारण आहे. तरी वरचे कापडही पारखून घ्यावे, दिवे आणि विजेच्या जोडण्या पॅनेलपासून दूर ठेवाव्यात आणि दार कधीही अडवू नये.

पॅनेल बसवल्यानंतर पंखा आणि संगणक जास्त ऐकू येऊ लागले. काही चुकले का?

काही चुकले नाही. तो आवाज पूर्वीही होता, निनादाखाली झाकला गेला होता. संगणक माइकच्या पाठीच्या दिशेने, शक्य तितका दूर न्यावा आणि त्याच्याखाली मऊ रबरी पट्टी द्यावी. पंखा रेकॉर्डिंगपुरता बंद ठेवावा आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी दार-खिडकी उघडून खोलीला हवा द्यावी, कारण फटी बुजवलेल्या खोलीत हवा लवकर कोंदते आणि थकवा आवाजात उतरतो. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला काहीही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करून ठेवावे. संपादनात दोन वाक्यांमधली जागा भरायला हीच शांतता लागते.